एकावन्न ओळींचं शीट: खुल्या नोंदणीचे आकडे जमवताना (2024-25)

28 ऑक्टोबर 2024, सोमवार

शीट उघडलं. काम एवढंच: अमेरिकेत 1 नोव्हेंबरला ओबामाकेअरच्या, म्हणजे सरकारने मांडलेल्या बाजारातून लोकांनी स्वतः घ्यायच्या खाजगी आरोग्य विम्याची खुली नोंदणी सुरू होते आणि बहुतेक राज्यांत ती 15 जानेवारीपर्यंत चालते. या अडीच महिन्यांत कुठल्या राज्यात किती लोकांनी विमा घेतला, ते दर रविवारी एका तक्त्यात भरायचं.

मी न्यू जर्सीत राहते. भारतातून नुकत्याच आलेल्या आई-वडिलांना विम्याचे फॉर्म भरून द्यायला आमच्या मंडळात काही जणींनी एक टेबल मांडलंय. तिथे दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "हे एवढे लोक घेतात तरी का हा विमा?" यंदा म्हटलं, आकडाच दाखवू. नवरा म्हणाला, "सरकारकडे असतो की तो. उतरवून घे." मलाही तसंच वाटलं होतं. पुढच्या नोंदी वाचल्यात की कळेल किती चुकलं ते.

आज गेल्या वर्षीचा पाया भरला. 2024 सालासाठी देशभरात सुमारे 2 कोटी 14 लाख. फ्लोरिडा 42 लाख, टेक्सस जवळजवळ 35 लाख, कॅलिफोर्निया 18 लाखांना थोडे कमी, आमची न्यू जर्सी 4 लाखांना किंचित कमी. हे केंद्राच्या सीएमएस या खात्याच्या फाइलमध्ये तयार मिळतं.

चार कॉलम केले: राज्य, आठवडा, आकडा, कुठून घेतला. पन्नास राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी धरून 51 ओळी.

वेळ 3 तास. खर्च शून्य.

1 नोव्हेंबर, शुक्रवार

आज लक्ष्मीपूजन. वही-पेन ठेवतात तिथे मी लॅपटॉप ठेवला, त्याला हळद-कुंकू लावलं आणि नोंदणी सुरू झाली. सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. म्हणाल्या, "कळांवर कुंकू सांडू नकोस गं." थोडं सांडलंच. एन्टरची कळ अजून लालसर आहे.

2013 साली ही योजना सुरू झाली तेव्हा 1 ऑक्टोबरला, पहिल्या दिवशी, केंद्राच्या साइटवर सबंध दिवसात सहा जणांचीच नोंदणी पार पडली होती. त्यामुळे पहिल्या दिवशी आकडा मिळाला नाही म्हणून मी खट्टू झाले नाही.

शीटची रचना मात्र पहिल्याच दिवशी मोडली. मी धरून चालले होते की हेल्थकेअर डॉट गव्ह ही केंद्राची एकच साइट आहे आणि आकडे तिथूनच येणार. तसं नाही. यंदा 31 राज्यं त्या साइटवर आहेत. उरलेल्या 19 राज्यांचा आणि डीसीचा आपापला बाजार, म्हणजे विमा निवडायची आपापली साइट आहे: कॅलिफोर्नियाचा वेगळा, न्यूयॉर्कचा वेगळा, पेनसिल्व्हेनियाचा वेगळा, आमचाही 2020 पासून वेगळा. जॉर्जिया आजपासून केंद्राच्या साइटवरून उठून स्वतःच्या बाजारात गेली. म्हणजे वीस ठिकाणची वीस पत्रकं, प्रत्येकाची सवड वेगळी, प्रत्येकाचं मोजमाप वेगळं.

शेवटच्या तारखाही सारख्या नाहीत. मॅसॅच्युसेट्स 23 जानेवारी. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, ऱ्होड आयलंड आणि डीसी 31 जानेवारी. आणि आयडाहो? तिथे नोंदणी 15 ऑक्टोबरलाच सुरू झालीय, डिसेंबरच्या मध्याला संपणार. मी पूजा मांडत होते तेव्हा आयडाहोचे दोन आठवडे उलटूनही गेले होते.

पाचवा कॉलम वाढवला: कुणाचा बाजार. सहावा: नोंदणी कधी सुरू, कधी बंद.

3 नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. भाऊ पुण्यात, ओवाळणी ऑनलाइन आली.

केंद्राचा आठवडा रविवार ते शनिवार धरतात. यंदा 1 नोव्हेंबर शुक्रवारी आला, म्हणजे पहिला आठवडा दोन दिवसांचा. गेल्या वर्षी 1 नोव्हेंबर बुधवारी होता, तेव्हा पहिला आठवडा चार दिवसांचा. मी "आठवडा 1" समोर "आठवडा 1" मांडून टक्केवारीचं सूत्र लिहून ठेवलं होतं. आकडे भरले असते तर निम्मा देश विमा सोडून चाललाय असं दिसलं असतं. दुसऱ्या आठवड्याअखेरीसुद्धा नऊ दिवसांची तुलना अकरा दिवसांशी झाली असती.

आठवडा हा कॉलमच उडवला. त्याऐवजी "दिवस क्रमांक". 1 नोव्हेंबर म्हणजे दिवस 1, 15 जानेवारी म्हणजे दिवस 76. गेल्या वर्षी 15 जानेवारीला मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी आल्यामुळे मुदत 16 पर्यंत होती, म्हणजे 77 दिवस. हा एक दिवस किरकोळ वाटतो, पण शेवटचा दिवस कधीच किरकोळ नसतो. आपल्याकडे वीजबिलाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे सांगायला नको.

10 नोव्हेंबर, रविवार

पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. वीस राज्यांची बातम्यांची पानं रोज रात्री तपासायची, "नोंदणी" या अर्थाच्या शब्दाजवळचा आकडा उचलायचा आणि शीटमध्ये टाकायचा.

पाच रात्री यावर घालवल्या. पदरात पडलं ते असं: एका राज्याचा टोल फ्री नंबर आकडा म्हणून आला. एका राज्याचं साल, 2025, नोंदणी म्हणून आलं. एका ठिकाणी "एक लाखाहून जास्त" असं अक्षरी लिहिलं होतं, ते प्रोग्रॅमला दिसलंच नाही. आणि चार-पाच राज्यं पत्रक पीडीएफमध्ये टाकतात, त्यातही तक्ता नाही, तक्त्याचा फोटो.

पीडीएफमधून तक्ते काढायची एक सेवा महिनाभरासाठी घेतली, 12 डॉलर. फोटोवर तिचंही काही चाललं नाही. सदस्यत्व रद्द केलं, पैसे गेले.

जे हे करू पाहतायत त्यांना सांगते, प्रोग्रॅम लिहू नका. वीसच राज्यं आहेत आणि दहा-दहा दिवस त्यातली निम्मी काही बोलत नाहीत. सकाळच्या चहाबरोबर पानं हाताने बघितली तर वीस मिनिटं लागतात. प्रोग्रॅमचं काम आता एकच ठेवलंय: कुठलं पान बदललं तेवढं कळवायचं. आकडा मी वाचते.

17 नोव्हेंबर, रविवार

आजचा घोळ माझा स्वतःचा. आलेख काढला तर एक ठिपका फेब्रुवारीत, एक सप्टेंबरमध्ये, बाकीचे गायब.

शीटची भाषा-प्रदेश सेटिंग मी भारत ठेवली होती, लाखाचे स्वल्पविराम नीट पडावेत म्हणून. अमेरिकन पत्रकातली तारीख मी जशीच्या तशी चिकटवत होते: 11/2/2024. इथे ती 2 नोव्हेंबर, पण माझ्या शीटच्या दृष्टीने 11 फेब्रुवारी. 11/9 म्हणजे 11 सप्टेंबर. 11/16 आल्यावर सोळावा महिनाच नाही म्हटल्यावर शीटने ती तारीख मानलीच नाही, मजकूर म्हणून डाव्या कडेला चिकटवून ठेवली. आयडाहोच्या ऑक्टोबरच्या तारखांचंही तेच. डावीकडे चिकटलेल्या त्या तारखांमुळेच चूक सापडली. सगळ्याच तारखा बारा किंवा त्याखालच्या असत्या तर मी फेब्रुवारीचे ठिपके घेऊन जानेवारीपर्यंत गेले असते.

आता तारीख एकाच पद्धतीने: 2024-11-16. साल आधी, मग महिना, मग दिवस. सगळ्या ओळी हाताने तपासल्या. दीड तास.

मिशिगनमध्ये चार्ल्स गाबा नावाचे गृहस्थ आहेत. धंदा वेबसाइट बनवायचा, आणि 2013 पासून हे आकडे राज्यवार जमवत आलेत. त्यांचं काम बघून धीर आला. आपण तीन आठवड्यांत दमलो याची थोडी लाजही वाटली.

24 नोव्हेंबर, रविवार

सर्वात जास्त वेळ खाल्लेली चूक हीच, म्हणून सविस्तर लिहिते.

शीटमध्ये वर एक ओळ आहे: "केंद्राच्या साइटवरची एकूण". खाली स्वतंत्र बाजार असलेल्या राज्यांच्या ओळी. दोन्हींची बेरीज देशाच्या आकड्याशी जुळायला हवी. गेल्या वर्षीच्या आकड्यांवर ताळा घेऊन बघितला. केंद्राच्या साइटचे 1 कोटी 64 लाख, त्यात माझ्या खालच्या ओळी मिळवल्या, तर देशाच्या 2 कोटी 14 लाखांपेक्षा 20 लाख जास्त!

वीस लाख म्हणजे खिशातली चिल्लर नव्हे.

त्यातले 13 लाख लगेच सापडले. जॉर्जिया. यंदा तिचा स्वतंत्र बाजार, म्हणून मी तिला खालच्या यादीत टाकलं. पण गेल्या वर्षी तिथले लोक केंद्राच्याच साइटवर विमा घेत होते, तेव्हा ते 13 लाख वरच्या एकूणातही होते. एकच माणूस दोन पंगतींना बसला. याची दुसरी बाजू जास्त फसवी आहे. यंदा केंद्राच्या साइटचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्यासमोर ठेवायचा तर आधी गेल्या वर्षीच्यातून जॉर्जिया वजा करावी लागते. नाहीतर वाढसुद्धा घट दिसते.

उरले सात लाख. दोन संध्याकाळी गेल्या. राज्यं एकेक करून काढून बघितली, जुळेना. शेवटी सूत्रांचा नाद सोडून राज्यांची पानं वाचली, तेव्हा ट्यूब पेटली. आर्कन्सॉ, इलिनॉय आणि ओरेगन. या तिघांचा बाजार कागदावर राज्याचा, जाहिरात राज्याची, मदतनीस राज्याचे, पण प्लॅन निवडायला माणूस शेवटी हेल्थकेअर डॉट गव्हवरच जातो. पाटी यांची, भटारखाना केंद्राचा. मी पाटी बघून त्यांना स्वतंत्र धरलं होतं. तिघांचे मिळून गेल्या वर्षीचे सात लाखच भरतात.

"कुणाचा बाजार" हा कॉलम बदलून "निवड कुठे होते" असा केला. आता खाली 20 आणि वर 31. ताळा जुळला, तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते.

मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या रविवारी टाकलेला तक्ता चुकीचा होता. आज दुरुस्ती टाकली. तेवीस अंगठे आले, म्हणजे कुणीच वाचलं नाही.

1 डिसेंबर, रविवार

थँक्सगिव्हिंगचा आठवडा. पत्रकं नाहीत, आकडे नाहीत. गावाला जाऊन आलो. 0 तास.

8 डिसेंबर, रविवार

न्यूयॉर्क देशात पहिलं आलं! साठ लाखांच्या वर, फ्लोरिडाला मागे टाकून.

अर्थात हे माझ्या शीटमध्ये. न्यूयॉर्कचा बाजार एकाच खिडकीवर सगळं देतो: गरिबांसाठीचं मेडिकेड, मुलांचा विमा, कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा इसेन्शियल प्लॅन, आणि मग आपल्याला हवा तो खाजगी विमा. पत्रकात पहिल्या ओळीत सगळ्यांची बेरीज असते, आणि मी पहिली ओळ वाचून आकडा घेतला. हव्या त्या विम्याचे गेल्या वर्षीचे होते 2 लाख 88 हजार.

बरोबर आकडा शोधून भरला, तर न्यूयॉर्कचा सेल लाल झाला: गेल्या वर्षीपेक्षा घट. शेजारच्या सगळ्या ओळी हिरव्या. आता हे काय? तर एप्रिल 2024 पासून न्यूयॉर्कने इसेन्शियल प्लॅनची उत्पन्नमर्यादा दारिद्र्यरेषेच्या 200 टक्क्यांवरून 250 टक्क्यांवर नेली. त्या प्लॅनला मासिक हप्ताच नाही. इतके दिवस हप्ता भरून खाजगी विमा घेणारे तिकडे गेले. विमा कुणाचा सुटला नाही, ओळ बदलली. ओरेगनमध्येही जुलै 2024 पासून अशीच सोय सुरू झालीय आणि मिनेसोटात ती आधीपासून आहे. या तिन्ही ओळींना तारा लावून ठेवलाय. तारा नसता तर माझाच तक्ता बघून कुणी म्हणालं असतं, न्यूयॉर्कवाल्यांना विमा नकोसा झालाय.

सातवा कॉलम: नेमकं काय मोजलंय. दुसऱ्या एका राज्याच्या पत्रकात दातांचा वेगळा विमाही धरला होता, आणखी एकाने माणसं न मोजता कुटुंबांचे अर्ज मोजले होते. आता हा कॉलम भरल्याशिवाय आकडा लिहायचा नाही असा नियम केलाय.

10 डिसेंबर, मंगळवार

मधल्या वारी नोंद, कारण नियमच बदलला. लहानपणी आई-बापांबरोबर इथे आलेल्या, 'डाका' (DACA) हा हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारा परवाना असलेल्या मुलामुलींना 1 नोव्हेंबरपासून पहिल्यांदा या बाजारात विमा घेता येत होता. काल नॉर्थ डकोटातल्या फेडरल न्यायालयाने 19 राज्यांपुरती ती सोय थांबवली. या लोकांचा वेगळा आकडा माझ्या शीटमध्ये नाही, त्यामुळे हात लावायला काही नाही. त्या 19 ओळींवर तारखेचा शेरा टाकला.

16 डिसेंबर, सोमवार

काल 15 डिसेंबर. केंद्राच्या साइटवर 1 जानेवारीपासून विमा हवा तर ही शेवटची तारीख. रविवार असूनही मंडळाच्या टेबलवर सकाळपासून गर्दी. खरं तर न्यू जर्सीत 31 डिसेंबरपर्यंत घेतलं तरी 1 जानेवारीपासून लागू होतो. पण टीव्हीवर सगळीकडे पंधरा-पंधरा ऐकून लोक आले, आणि आलेल्याला परत कोण पाठवणार?

एक काकू आल्या होत्या, कराडकडच्या, वय 67. उन्हाळ्यात ग्रीन कार्डावर मुलाकडे आल्या. ज्येष्ठांचं मेडिकेअर त्यांना मिळत नाही, त्यासाठी आधी पाच वर्षं इथे राहावं लागतं. म्हणून हा बाजार. मुलगा पार्किंगमध्ये फोनवर, काकू समोर खुर्चीवर पर्स मांडीवर धरून.

"बाळ, यात रक्तदाबाच्या गोळ्या येतात का?"

"येतात काकू."

"आणि डॉक्टर मराठी मिळेल का?"

शोधला, एक मिळाला, वीस मैलांवर. काकूंनी प्लॅन निवडला. पडद्यावर हिरवी खूण आली. मी मनात म्हटलं, न्यू जर्सीच्या ओळीत एक वाढला.

23 डिसेंबर, सोमवार

आकड्याने उडी मारली, आणि आलेख बघून क्षणभर हुरळले. उडी लोकांनी मारलेली नाही. 15 तारखेपर्यंत ज्यांनी काहीच केलं नाही, त्यांचा जुना प्लॅन केंद्राची साइट स्वतःहून पुढे चालू ठेवते आणि ते सगळे एकदम आकड्यात येतात. स्वतंत्र बाजारांपैकी काही जण हे नूतनीकरण अगदी सुरुवातीला करून टाकतात, काही वर्षाच्या शेवटी. म्हणजे नोव्हेंबरात एखादं राज्य 80 टक्क्यांवर आणि शेजारचं 10 टक्क्यांवर दिसतं, त्यात पहिलं हुशार आणि दुसरं आळशी असं काही नसतं.

मी मात्र तीन आठवड्यांपूर्वी ग्रुपवर "आघाडीची पाच राज्यं" अशी यादी टाकली होती. ती आघाडी म्हणजे आपोआप नूतनीकरणाचं वेळापत्रक होतं, दुसरं काही नाही. मागे घेतली.

आठवा कॉलम: आपोआपचे धरलेत का, हो किंवा नाही. जिथे पत्रकात नवे आणि जुने वेगळे दिलेत, तिथे नव्यांची तुलना फक्त नव्यांशी करायची.

मधल्या काळात आकडा कमी झालेला दिसला तर घाबरू नका. निवड रद्द करणाऱ्यांना वजा करून आकडा देतात. एका राज्याचा आकडा खाली गेला म्हणून मी अर्धा तास स्वतःची टायपिंगची चूक शोधत बसले होते.

9 जानेवारी 2025, गुरुवार

काल सीएमएसचं मोठं पत्रक आलं: देशभरात 2 कोटी 40 लाखांच्या घरात. आज माजी अध्यक्ष कार्टर यांच्या दुखवट्यामुळे सरकारी कचेऱ्या बंद, त्यामुळे शंका विचारायला कुणी नाही.

शंका अशी होती: माझ्या वीस ओळींची बेरीज त्यांच्या "राज्यांचे बाजार" या आकड्यापेक्षा जास्त कशी? तासाभराने तळटीप वाचली. केंद्राच्या साइटचे आकडे एका तारखेपर्यंतचे, राज्यांचे त्याच्या मागच्या तारखेपर्यंतचे, आणि वर छापलेली तारीख तिसरीच. माझे काही आकडे राज्यांनी नंतर दिलेले, ताजे. चूक कुणाचीच नाही. पण दोन्ही एका बेरजेत घातले तर बेरीज कुठल्याच दिवसाची राहत नाही. सकाळचं दूध आणि संध्याकाळचं दूध एका पातेल्यात ओतावं आणि मग विचारावं, हे कधीचं?

"तारीख" या कॉलमचे दोन केले: कुठवरचा आकडा, आणि कधी छापला. नोव्हेंबरपासूनच्या सगळ्या ओळींत ही दुसरी तारीख मागे जाऊन भरावी लागली. 6 तास, तीन रात्रींत. पहिल्या दिवशी दोन कॉलम केले असते तर दहा मिनिटांचं काम.

17 जानेवारी, शुक्रवार

केंद्राची मुदत परवा संपली. आजचा आकडा 2 कोटी 42 लाख, आजवरचा सर्वात मोठा. 2021 साली तो 1 कोटी 20 लाख होता. चार वर्षांत दुप्पट. तेव्हापासून हप्त्यावर वाढीव सबसिडी मिळते, हे त्यातलं मोठं कारण. ती 2025 च्या अखेरीपर्यंतच आहे. कोविडच्या काळात थांबवलेली मेडिकेडची छाननी 2023 साली पुन्हा सुरू झाल्यावर तिथून गळलेलेही बरेच इकडे आले. फ्लोरिडा एकटी 47 लाखांवर. जॉर्जियाही घर बदलून 15 लाखांवर गेली.

आनंदाच्या भरात ग्रुपवर लिहिलं: "24 कोटी 20 लाख लोकांनी विमा घेतला!!" दोन उद्गारचिन्हं. मिलियनचे लाख करताना दहाने गुणायचं, 242 लाख, इथवर बरोबर. पुढे कोटी करताना स्वल्पविराम एक घर सरकला. ग्रुपवर एक निवृत्त बँकवाले काका आहेत. त्यांनी दोनच ओळी लिहिल्या: "ताई, देशाची लोकसंख्या चौतीस कोटींच्या आसपास. तपासावे." आधीच्या चुका कुणी वाचल्या नव्हत्या, ही सगळ्यांनी वाचली.

आता शीटमध्ये मूळ आकडा पूर्ण अंकांत, एकही शून्य न गाळता. मिलियन, लाख, कोटी हे फक्त शेजारच्या सेलमध्ये, सूत्राने. हाताने रूपांतर बंद.

26 जानेवारी, रविवार

मंगळवारी, 21 तारखेला, नव्या सरकारने आरोग्य खात्याची बाहेर जाणारी पत्रकं तूर्त थांबवली. केंद्राकडून काही येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही, ते घोंगडं भिजत पडलं. राज्यांची पत्रकं मात्र चालू आहेत. त्यांच्या साइट्स निराळ्या असल्याचा दोन महिने मला ताप झाला, आज त्याचाच उपयोग.

न्यू जर्सी पाच लाखांवर गेली. एका वर्षात लाखभराची वाढ. आणि त्याच दुपारी काकूंच्या मुलाचा फोन. शुक्रवारी काकू डॉक्टरकडे गेल्या, त्या वीस मैलांवरच्या मराठी डॉक्टरकडे, तर काउंटरवर सांगितलं, विमा चालू दिसत नाही.

पहिला हप्ता भरलाच नव्हता. प्लॅन निवडला की झालं, असं त्यांना वाटलं. बिल ईमेलवर आलं होतं, मुलाच्या जाहिरातींच्या फोल्डरमध्ये पडून होतं. पहिला हप्ता जात नाही तोवर विमा सुरू होत नाही. टेबलवर हे सांगायचं काम माझं होतं. काकूंच्या वेळी मी रक्तदाब आणि मराठी डॉक्टर यांत गुंतले, आणि हिरवी खूण बघून मीच खूश झाले.

काकू फोनवर आल्या. रागावल्या नव्हत्या, ते जास्त लागलं.

"म्हणजे मी तुझ्या यादीत होते, पण डॉक्टरच्या यादीत नव्हते?"

होय काकू. नेमकं तसंच. मी अडीच महिने जे मोजतेय, ती सगळी निवड आहे. राज्यं तेच मोजतात, केंद्र तेच मोजतं, छापून तेच येतं. हप्ता भरून विमा खरोखर किती जणांचा सुरू झाला, तो आकडा वेगळा असतो, आणि तो कित्येक महिन्यांनी येतो. हे मला वाचून माहीत होतं. नोव्हेंबरात शीटच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहूनही ठेवलं होतं.

उद्या सकाळी विमा कंपनीला फोन.

28 जानेवारी, मंगळवार

कालचा फोन पन्नास मिनिटं संगीत ऐकवून तुटला. आज लागला. पहिल्या हप्त्याची मुदत 31 जानेवारी, तीन दिवस हातात होते. मुलाने फोन चालू असतानाच कार्डाने पैसे भरले. विमा 1 जानेवारीपासूनच धरणार म्हणाले. डॉक्टरकडची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली.

टेबलवर बसणाऱ्या सगळ्या जणींना कागद दिला, वर एकच ओळ: हप्ता भरल्याशिवाय खुर्चीवरून उठू द्यायचं नाही.

2 फेब्रुवारी, रविवार

31 जानेवारीवाले बाजारही बंद झाले. अजून शेवटचे आकडे यायचेत अशा चार ओळी पिवळ्या ठेवल्यात. त्या अंदाजाने भरणार नाही.

एकूण वेळ 74 तास. त्यातले निम्म्याहून जास्त दुरुस्तीचे. खर्च 12 डॉलर, वाया गेलेले. चारावर सुरू केलेले कॉलम नवावर थांबले होते.

कुणाला पुढच्या हंगामात करायचं असेल तर माझं रिकामं शीट घ्या, पण त्यातली सूत्रं तपासून घ्या. "निवड कुठे होते" हा कॉलम पहिल्यांदा भरा. इलिनॉय पुढच्या नोंदणीपासून स्वतःच्या बाजारात जाणार आहे, म्हणजे जॉर्जियासारखंच तिलाही गेल्या वर्षीच्या केंद्राच्या आकड्यातून वजा करावं लागेल. करायचं विसरलात तर फरक साडेचार लाखांच्या आसपास येईल, आणि शोधायला दोन संध्याकाळी लागतील.

आज दहावा कॉलम वाढवला: हप्ता भरला? एकावन्न ओळींत तो रिकामा आहे. न्यू जर्सीच्या ओळीत फक्त शेरा टाकलाय: यातल्या एकीचा 28 जानेवारीला भरला.